हसण्याच्या पुस्तकापायी : ‘द नेम ऑफ द रोझ’ समजून घेताना

हा चित्रपट मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा खुनी कोण ते मला कळलं, पण भांडण कशावरून चाललंय ते कळलं नाही. मध्यावर एक प्रसंग आहे. डोंगरावरच्या मठात दोन गट समोरासमोर बसलेत. एकीकडे ठिगळं लावलेल्या झग्यांतले साधू, दुसरीकडे पोपने पाठवलेली उंची वस्त्रांतली मंडळी. आणि दोन्ही बाजू हातघाईवर येऊन वाद घालताहेत तो कशावर? येशू ख्रिस्ताच्या अंगावरचे कपडे त्याच्या मालकीचे होते की नव्हते, यावर. तिकडे मठात रोज एक माणूस मरतोय आणि इकडे हे. मला वाटलं, कथा लांबवायला घातलेला प्रसंग असेल.

नंतर वाचत गेलो तसं लक्षात आलं की तो प्रसंग काढून टाकला तर खुनांनाही अर्थ उरत नाही. कपड्यांच्या मालकीचा वाद आणि त्या मठातले मृत्यू एकाच मुळातून आलेत. ते मूळ कुठलं, तेच इथे सोप्या शब्दांत मांडायचं आहे. रहस्य फोडल्याशिवाय ते सांगता येणार नाही, तेव्हा चित्रपट पाहिला नसेल तर आधी पाहून या.

‘द नेम ऑफ द रोझ’ १९८६ साली आला. दिग्दर्शक फ्रेंच, ज्याँ-जाक आनो. आधार उंबेर्तो एको यांच्या १९८० साली इटालियनमध्ये निघालेल्या कादंबरीचा. एको बोलोन्याच्या विद्यापीठात चिन्हशास्त्र शिकवत आणि मध्ययुग हा त्यांचा तरुणपणापासूनचा अभ्यासविषय. शॉन कॉनरी विल्यम ऑफ बास्करव्हिल झालाय, ख्रिश्चन स्लेटर त्याचा कोवळा शिष्य ॲड्सो. कॉनरीला या कामासाठी ब्रिटिश ॲकॅडमीचं सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं पारितोषिक मिळालं. अमेरिकेत चित्रपट चालला नाही, युरोपात मात्र जोरात चालला. आतली बरीचशी दृश्यं जर्मनीतल्या एबरबाखच्या मठात चित्रित केली आहेत. तो मठ खरोखरच बाराव्या शतकातला आहे. बाहेरून दिसणारा मठ म्हणजे रोमजवळच्या टेकडीवर दांते फेरेत्ती यांनी उभारलेला सेट. तो सेट आहे हे माहीत असूनही त्या दगडांची थंडी अंगाला लागते.

गोष्ट नोव्हेंबर १३२७ मधली, उत्तर इटलीतली. मठात एक तरुण चित्रकार साधू कड्याखाली मरून पडलेला सापडतो. मग ग्रीक जाणणारा भाषांतरकार डुकरांच्या रक्ताने भरलेल्या रांजणात उलटा बुडालेला दिसतो. मग उपग्रंथपाल न्हाणीघरात पाण्याखाली. पहिल्या मृत्यूच्या वेळी गारा पडलेल्या, नंतर रक्त, नंतर पाणी. बायबलच्या शेवटच्या, प्रकटीकरणाच्या पुस्तकात देवदूत सात कर्णे फुंकतात आणि जगावर एकेक संकट कोसळतं, त्यातल्या पहिल्या तीन कर्ण्यांशी हे जुळतं. साधूंना वाटतं, जगबुडी आली. विल्यमला वाटत नाही. तो मेलेल्यांची जीभ आणि बोटाचं टोक पाहतो. दोन्ही काळी पडलेली असतात.

विल्यमचं गाव बास्करव्हिल का, हे शेरलॉक होम्सची ‘द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स’ वाचलेल्यांना सांगायला नको. पण तो नुसता झगा घातलेला होम्स नाही. तो प्रयोगावर भर देणाऱ्या रॉजर बेकन या तेराव्या शतकातल्या विद्वानाला मानणारा आणि ऑकमच्या विल्यमचा मित्र म्हणून रंगवलाय. ऑकमचा विल्यम हा त्या काळचा खरा तत्त्वज्ञ. कमी गृहीतकांत उलगडा होत असेल तर उगाच जास्त गृहीतकं धरू नयेत, हा विचार त्याच्या नावाने ओळखला जातो. सैतान, शाप, जगबुडी ही सगळी गृहीतकं बाजूला ठेवली की शिल्लक काय राहतं, हेच आपला विल्यम शोधतो. त्याच्या नाकावरचा चष्मासुद्धा जागेवर बसणारा आहे. चष्मा इटलीत १२८६ च्या सुमाराला निघाला. १३०६ साली जोर्दानो नावाच्या धर्मोपदेशकाने प्रवचनात सांगितलंय की ही कला सापडून अजून वीस वर्षंही झालेली नाहीत. म्हणजे विल्यम वापरतोय ती वस्तू तेव्हा जेमतेम चाळीस वर्षांची. उतारवयात जवळची नजर मंदावलेल्या अभ्यासकाला वाचनाची आणखी वीस वर्षं देणारी ती वस्तू होती. चित्रपटात तो चष्मा ज्या जपणुकीने हाताळला जातो, ते पाहण्यासारखं आहे.

आता मठाकडे वळू. ‘मंक’ आणि ‘फ्रायर’ या दोघांनाही आपण सरसकट ‘साधू’ म्हणतो आणि तिथेच अर्धा चित्रपट निसटतो. हा मठ बेनेडिक्टाइन पंथाचा. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने घालून दिलेल्या नियमावर चालणारा. बेनेडिक्टाइन एकदा मठात आला की तिथेच जगणार, तिथेच मरणार. रात्री दोन-तीनच्या सुमाराला पहिली प्रार्थना, मग दिवसभर ठरल्या वेळांना बाकीच्या. दीडशे स्तोत्रं आठवड्याभरात म्हणून व्हायला हवीत. उरलेल्या वेळात काम आणि वाचन. वैयक्तिक मालकीचं काही नाही, लेखणीसुद्धा नाही. पण मठाच्या मालकीचं मात्र पुष्कळ: शेती, डुकरं, जंगल, वसुली. खालच्या वाडीतले शेतकरी आपल्या पिकाचा वाटा मठात आणून घालतात.

विल्यम वेगळा आहे. तो फ्रान्सिस्कन, म्हणजे भिक्षेकरी पंथातला. हे लोक गावोगाव हिंडत, भिक्षा मागत, बाजारात उभं राहून प्रवचन करत. तिसरा पंथ डॉमिनिकन, तोही भिक्षेकरी, पण विद्वत्तेवर आणि पाखंड, म्हणजे चर्चच्या शिकवणीविरुद्धचं मत, शोधून काढण्यावर भर देणारा. जुन्या गोव्यात गेलात तर सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीचं चर्च दिसतं आणि त्याला लागून पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय. ते संग्रहालय आहे ती इमारत म्हणजे याच फ्रान्सिस्कनांचा मठ. म्हणजे विल्यमच्या पंथाची माणसं पुढे दोनशे वर्षांनी आपल्या दारापर्यंत आली होती.

आणि आता ते कपडे.

असिसीचा फ्रान्सिस कापडाच्या व्यापाऱ्याचा मुलगा. त्याने सगळं सोडलं आणि १२०९ च्या सुमाराला सोबत्यांसह पंथ सुरू केला. नियम साधा: ख्रिस्ताकडे काही नव्हतं, तर आपल्याकडेही काही नको. एकट्याचं नको आणि सगळ्यांचं मिळूनही नको. हा दुसरा भाग महत्त्वाचा. बेनेडिक्टाइन म्हणत, माझं काही नाही, मठाचं आहे. फ्रान्सिस म्हणाला, मठाचंही नको.

बारा माणसं असतात तोवर हे जमतं. पण फ्रान्सिस १२२६ साली गेला आणि पुढच्या काही दशकांत पंथात हजारो माणसं आली. त्यांना राहायला घरं हवीत, अभ्यासाला पुस्तकं हवीत, भक्त दान देतात ते ठेवायला जागा हवी. मग तोडगा निघाला. घर, पुस्तक, भांडीकुंडी सगळ्यांची मालकी रोमच्या चर्चची, म्हणजे पोपची. साधू ते फक्त वापरणार. वापर त्यांचा, मालकी पोपची. कागदोपत्री फ्रान्सिस्कन कफल्लक राहिले आणि व्यवहारही चालला.

ही व्यवस्था मोडली ती पोप बावीसाव्या जॉनने. हा १३१६ साली पोप झाला. तेव्हा पोपची गादी रोममध्ये नव्हती, दक्षिण फ्रान्समध्ये आविन्योंला होती. जॉन कायदा कोळून प्यालेला, हिशेबाला पक्का. त्याने १३२२ साली विचारलं: एखादा साधू अंडं खातो, चीजचा तुकडा खातो, तेव्हा ते अंडं संपतं. संपून गेलेल्या वस्तूचा ‘वापर तुझा आणि मालकी माझी’ असं कसं होईल? पोटात गेलेल्या अंड्याची मालकी मी घेऊन काय करू? आणि त्याने सांगून टाकलं की ही मालकी मला नको, तुमची तुम्ही सांभाळा.

वाचताना हसू येतं, पण युक्तिवाद बिनतोड आहे. आणि त्याच क्षणी फ्रान्सिस्कनांच्या पायाखालची जमीन सरकली. मालकी त्यांच्या गळ्यात पडली की ते इतरांसारखेच झाले. त्याच वर्षी पंथाच्या पुढाऱ्यांनी पेरूजात जमून जाहीर केलं होतं की ख्रिस्ताकडे आणि प्रेषितांकडे स्वतःचं किंवा सामाईक असं काहीच नव्हतं, आणि ही खरी ख्रिस्ती श्रद्धा आहे. पोपने नोव्हेंबर १३२३ मध्ये उलट फर्मान काढलं: असं म्हणत राहणं हे पाखंड. विरोधकांच्या भात्यात एक चांगला बाणही होता. योहानाच्या शुभवर्तमानात ख्रिस्ताच्या शिष्यांपैकी यहूदाकडे पैशांची पिशवी असल्याचा उल्लेख आहे. पिशवी होती म्हणजे पैसे होते, पैसे होते म्हणजे मालकी होती.

पाखंड हा शब्द तेव्हा नुसता शिवीसारखा वापरायचा नव्हता. १३१८ साली मार्सेयमध्ये चार फ्रान्सिस्कनांना जाळलं होतं. त्यांचा गुन्हा काय, तर दारिद्र्याच्या आणि झग्याच्या प्रश्नावर त्यांनी पोपची आज्ञा मानली नाही. झगा किती आखूड असावा, धान्याची कोठारं भरावीत की नाहीत, या गोष्टींवर माणसं जिवंत जळाली.

एवढं का पेटलं? कारण ख्रिस्त कफल्लक होता हे मान्य केलं की पुढचा प्रश्न टाळता येत नाही: मग चर्चकडे एवढ्या जमिनी कशा? आणि तो प्रश्न विचारणाऱ्यांना पाठीराखा मिळाला होता. बव्हेरियाचा लुडविग स्वतःला सम्राट म्हणवत होता, पोप त्याला मानत नव्हता. पोपकडे सत्ता आणि संपत्ती असूच नये असं म्हणणारे साधू त्याला हवेच होते. म्हणून चित्रपटातली ती बैठक राजकारणाची आहे. ती बैठक काल्पनिक, पण तिच्यातला फ्रान्सिस्कनांचा प्रमुख, चेझेनाचा मिकेले, खरा. पोपने बोलावल्यावरून तो डिसेंबर १३२७ मध्ये खरोखरच आविन्योंला पोहोचला आणि मे १३२८ मध्ये ऑकमच्या विल्यमला बरोबर घेऊन रातोरात पळाला, थेट लुडविगच्या आसऱ्याला. चित्रपटातला नोव्हेंबर म्हणजे या सगळ्याच्या तोंडावरचे दिवस.

आनो यांनी या वादाचं सगळं सार एका दृश्यात दाखवलंय, एकही तात्त्विक शब्द न वापरता. मठाच्या भिंतीतून एक घसरण खाली सोडलेली आहे. तिच्यातून मठाच्या स्वयंपाकघरातला कचरा, सालं, आतडी खाली ढकलली जातात. आणि खाली चिखलात वाडीतली माणसं वाट पाहत उभी असतात. कचरा पडला की झोंबतात. विल्यम वरून ते पाहतो. मालकी कोणाची हा प्रश्न मला तिथे कळला.

मठात लपलेले दोघं जण, भांडारी रेमिजो आणि कुबडा साल्वातोरे, याच प्रश्नाची दुसरी बाजू. हे कधीकाळी फ्रा दोल्चिनोच्या टोळीत होते. दोल्चिनो खरा माणूस. श्रीमंत धर्मगुरूंविरुद्ध त्याने हत्यारबंद बंड केलं आणि १३०७ साली त्याला जाळलं. साल्वातोरेच्या तोंडी लॅटिन, इटालियन, स्पॅनिश अशा भाषांची खिचडी आहे. रॉन पर्लमनने ती अशी काही बोलून दाखवलीय की शब्द न कळता माणूस कळतो. मार खात, भाकरी शोधत, देशोदेशी हिंडलेला माणूस जिथे जे कानावर पडलं तेवढंच बोलतो.

मग येतो बर्नार्ड गी, इन्क्विझिशनचा, म्हणजे पाखंड्यांना शोधून शिक्षा देणाऱ्या चर्चच्या न्यायसंस्थेचा, न्यायाधीश. हाही खरा, पण चित्रपटाने त्याच्यावर अन्याय केलाय असं माझं मत आहे. खरा बर्नार्ड डॉमिनिकन होता, १३०७ पासून तुलूझचा इन्क्विझिटर. पाखंड्यांची उलटतपासणी कशी करावी यावर त्याने हस्तपुस्तिका लिहिली आणि ती आज उपलब्ध आहे. त्याने शेकडो जणांना शिक्षा दिल्या. त्यांतल्या चाळीसच्या आसपास लोकांना जाळण्यासाठी सरकारी अधिकाऱ्यांच्या हवाली केलं. बाकीच्यांना तुरुंग, तीर्थयात्रा, किंवा कपड्यांवर पिवळा क्रूस शिवून हिंडण्याची शिक्षा. तो चवताळलेला राक्षस नव्हता. तो नीटनेटका, मेहनती, नोंदी ठेवणारा अधिकारी होता आणि माझ्या मते ते जास्त भयंकर आहे. १३२७ मध्ये तर तो इन्क्विझिटरही नव्हता, लोदेव्हचा बिशप झालेला होता. चित्रपटात लोक त्याची गाडी कड्यावरून ढकलतात आणि तो अणकुचीदार खिळ्यांवर पडून मरतो. प्रेक्षकांना बरं वाटतं. खरा बर्नार्ड १३३१ साली म्हातारपणाने गेला. कादंबरीतही तो कैद्यांना घेऊन सुखरूप निघून जातो.

मराठी वाचकाला इन्क्विझिशन म्हटलं की गोवा आठवतो, आणि ते साहजिक आहे. पण दोन्ही एकच नव्हेत. बर्नार्डचं इन्क्विझिशन तेराव्या शतकात सुरू झालेलं, पोपने नेमलेल्या न्यायाधीशांचं. गोव्यातलं १५६० ते १८१२ या काळातलं, पोर्तुगालच्या राजसत्तेशी बांधलेलं. कबुलीजबाबावर भिस्त ठेवणारी पद्धत मात्र दोन्हीकडे सारखी. चित्रपटात रेमिजो छळाच्या नुसत्या भीतीने न केलेले खून कबूल करतो. लगेच पुढचा माणूस मरतो आणि कबुलीची किंमत काय ते सगळ्यांना दिसतं.

इथवर सत्तेचा भाग झाला. आता ग्रंथालयात जाऊ.

या मठाचा ग्रंथसंग्रह ख्रिस्ती जगातला सर्वांत मोठा असल्याचं सांगितलंय. पडद्यावर दिसतो तो जिन्यांचा उभा चक्रव्यूह, एक जिना दुसऱ्यावर कोसळतोय असा. कादंबरीतला चक्रव्यूह आडवा आहे, एकाच मजल्यावर छप्पन्न खोल्यांचा, पण पडद्यासाठी आनो आणि फेरेत्ती यांनी तो उभा केला. मला तो बदल पटतो. खऱ्या मध्ययुगात एवढं ग्रंथालय कुठे नव्हतं. पॅरिसच्या सोर्बोनमध्ये १३३८ साली सुमारे १,७०० ग्रंथ होते आणि ती त्या काळची प्रचंड संख्या. कारण एकेक पुस्तक म्हणजे जनावरांचा कळप. चर्मपत्र वासराच्या, मेंढीच्या, बकरीच्या कातड्याचं. कातडं चुन्यात भिजवायचं, खरवडायचं, ताणून वाळवायचं. एका मोठ्या बायबलला शेकडो कातडी लागत. लिहायला पिसाची लेखणी, आणि चित्रांतला निळा रंग अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतून आलेल्या लाजवर्दाचा, सोन्याच्या मोलाचा.

या लाजवर्दाची एक हकिगत मला फार आवडते. जर्मनीतल्या डालहाइमला स्त्रियांचा एक मठ होता. तिथल्या स्मशानातल्या एका बाईचे दात संशोधकांनी तपासले. बाई अकराव्या-बाराव्या शतकातली. तिच्या दातांवरच्या किटणात निळे कण सापडले आणि ते लाजवर्दाचे निघाले. २०१९ साली हे प्रसिद्ध झालं. संशोधकांचा तर्क असा की ती पोथ्या रंगवायची आणि कुंचल्याचं टोक बारीक करायला ओठांत धरायची. तिचं नाव कुणाला माहीत नाही. तिची सवय मात्र नऊशे वर्षांनी तिच्या दातांनी सांगितली.

चित्रपटातलं खुनाचं हत्यार नेमकी अशीच एक सवय आहे. आमच्या आजीची शिवलीलामृताची पोथी होती. लहानपणी मी एकदा बोट जिभेला लावून पान उलटायला गेलो आणि हातावर चापट बसली. ‘पोथीला थुंकी लावतात का? उष्टी होते.’ मठातल्या वाचकांना अशी आजी नव्हती. त्या एका पुस्तकाच्या पानांच्या कोपऱ्यांना विष लावलेलं आहे. पानं एकमेकांना चिकटलेली. वाचणारा बोट ओलं करून पान सोडवतो, पुन्हा बोट जिभेला, पुन्हा पान. जितका वाचनात गुंतेल तितकं विष पोटात जाईल. भाषांतरकार, उपग्रंथपाल आणि पुढे खुद्द ग्रंथपाल असेच मरतात. चित्रकाराने आत्महत्या केलेली असते आणि वैद्याला ग्रंथपालाने डोक्यात घाव घालून मारलेलं असतं. म्हणजे ज्याने हे सगळं घडवलं त्याने स्वतःच्या हाताने कुणालाच मारलेलं नाही. आणि गारा, रक्त, पाणी हा योगायोग. घाबरलेल्या मनांनी त्याची साखळी केली.

विषारी पानांची ही युक्ती जुनी आहे. अरबी रात्रींच्या गोष्टींत राजा युनान आणि वैद्य दुबान यांची कथा येते. राजा आपला जीव वाचवणाऱ्या वैद्याचाच शिरच्छेद करतो आणि वैद्याने मागे ठेवलेल्या पुस्तकाची चिकटलेली पानं थुंकी लावून उलटता उलटता स्वतः मरतो. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी त्या गोष्टी मराठीत आणायला घेतल्यापासून हे कथाविश्व आपल्या घरातलंच झालंय. आणि विषारी पुस्तकं खरोखरही सापडली आहेत, फक्त कुणाला मारायचं म्हणून केलेली नव्हेत. २०१८ साली डेन्मार्कमधल्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात सोळाव्या-सतराव्या शतकांतल्या तीन पुस्तकांच्या वेष्टणावर हिरव्या रंगात आर्सेनिक मिळालं.

पण असं कुठलं पुस्तक, की ज्यासाठी एवढं करावं?

ते ॲरिस्टॉटलचं आहे. त्याच्या काव्यशास्त्रावरच्या ग्रंथाचा जो भाग आपल्यापर्यंत आला त्यात शोकांतिका आणि महाकाव्य यांची चर्चा आहे. सुखात्मिकेबद्दल पुढे बोलू, असं तो म्हणतो आणि ते पुढचं आपल्याकडे नाही. तो दुसरा भाग हास्यावर होता असं मानतात. एकोंनी कल्पना केली की त्याची शेवटची प्रत या मठात आहे आणि होर्हे नावाचा आंधळा म्हातारा साधू ती कुणाला वाचू देत नाही. विष लावणारा तोच. हे नाव अर्जेंटिनाच्या बोर्हेसवरून आलंय. तो लेखकही आंधळा, ग्रंथालयाचा संचालक आणि अनंत ग्रंथालयाची कथा लिहिणारा.

होर्हेचं म्हणणं तो कोण आहे हे कळायच्या आधीच आपण ऐकतो. लेखनशाळेत एक उंदीर निघतो, एक साधू घाबरतो आणि बाकीचे हसतात. म्हातारा गरजतो. हसताना माणसाचा चेहरा माकडासारखा होतो, त्याचं म्हणणं. विल्यम शांतपणे सांगतो की माकडं हसत नाहीत, हसतो तो माणूसच. हे ॲरिस्टॉटलचंच मत. म्हातारा म्हणतो, ख्रिस्त हसल्याचं कुठे लिहिलेलं नाही. विल्यम म्हणतो, हसला नाही असंही लिहिलेलं नाही. होर्हे काही एकटा विक्षिप्त नाही. बेनेडिक्टच्या नियमात विनयाच्या बारा पायऱ्या आहेत आणि त्यातली दहावी हीच की साधूने चटकन हसू नये.

शेवटी चक्रव्यूहाच्या आतल्या खोलीत तो आपलं खरं कारण सांगतो. हसलं की भीती जाते. सैतानाची भीती गेली तर देवाची गरज कुणाला? शेतकरी जत्रेत दारू पिऊन हसतो त्याची त्याला चिंता नाही, सकाळी तो पुन्हा घाबरतो. पण ॲरिस्टॉटलसारख्या आचार्याने हसणं हे सत्याकडे जाण्याचं साधन आहे असं लिहिलं, तर विद्वान हसतील आणि मग भीतीला आधार उरणार नाही.

कपड्यांचा वाद आणि पुस्तक इथे एकत्र येतात. वर बैठकीत पोपची माणसं दारिद्र्याला घाबरतात, कारण गरीब ख्रिस्त मान्य केला तर आज्ञा करण्याचा अधिकार डळमळतो. खाली ग्रंथालयात होर्हे हसण्याला घाबरतो, कारण आज्ञा पाळण्यामागची भीती संपते. दोघांना राखायची आहे ती एकच गोष्ट. फरक एवढाच की पोपच्या माणसांना आपल्या जमिनी वाचवायच्या आहेत आणि होर्हेला स्वतःसाठी काहीच नको. त्याचा विश्वास खरा आहे, म्हणून तो शेवटी ती विषारी पानं फाडून स्वतः खातो. त्या दृश्यात त्याचा तिरस्कार करायला जावं तर जमत नाही.

मग आग लागते. ग्रंथालय जळतं. विल्यम धुरातून बाहेर येतो तेव्हा त्याच्या झग्यात मावली तेवढीच पुस्तकं असतात.

खरी पुस्तकं बहुतेक अशी जळून गेली नाहीत. ती खरवडली गेली. चर्मपत्र महाग, म्हणून नको असलेला मजकूर खरवडून त्यावर नवा लिहीत. अशा पानाला पालिम्प्सेस्ट म्हणतात. आर्किमिडीजच्या ग्रंथांची दहाव्या शतकातली एक प्रत १२२९ साली खरवडून तिच्यावर प्रार्थना लिहिल्या गेल्या. आज आधुनिक छायाचित्रणाने त्या प्रार्थनांखालचं गणित वाचता येतं. आणि ॲरिस्टॉटलच्या काव्यशास्त्राचा जो भाग उरलाय, त्याचं लॅटिन भाषांतर १२७८ साली मर्बेकेच्या विल्यमने केलं होतं, तरी मध्ययुगात ते फारसं कुणी वाचलं नाही. त्याच्या दोनच हस्तलिखित प्रती टिकल्या. कुणी विष लावलं नाही, कुणी लपवलं नाही. विचारणारंच कुणी नव्हतं. आनो यांच्या चित्रपटाच्या श्रेयनामावलीत त्याला एकोंच्या कादंबरीवरून ‘बेतलेला’ म्हटलेलं नाही, कादंबरीचा ‘पालिम्प्सेस्ट’ म्हटलंय. कादंबरी खरवडून तिच्यावर लिहिलेला चित्रपट. खाली मूळ अक्षरं अंधुक दिसतात, बर्नार्डच्या मरणासारखी काही पुसून नवीन लिहिलेली.

राहिलं नाव. गुलाब चित्रपटात कुठेच नाही. शेवटी पडद्यावर एक लॅटिन ओळ येते, मूळची बाराव्या शतकातल्या क्ल्युनीच्या बर्नार्डच्या काव्यावरून घेतलेली. अर्थ असा: कालचा गुलाब नावापुरता उरलाय, आपल्या हाती उरतात ती नुसती नावं. ऑकमच्या विल्यमचा जन्मभराचा वादही याच्याच आसपासचा. ‘गुलाब’ म्हणून जगात काही वेगळं असतं, की फक्त एकेक फूल असतं आणि ‘गुलाब’ हा आपण त्यांना लावलेला शब्द?

आणि या चित्रपटात एक वाडीतली मुलगी आहे. कचऱ्यावर जगणारी, अन्नासाठी रात्री मठात येणारी. ॲड्सोचं तिच्यावर प्रेम बसतं. बर्नार्ड तिला चेटकीण ठरवतो. कादंबरीत ती सुटत नाही, चित्रपटात आगीच्या गोंधळात सुटते आणि शेवटी धुक्यात रस्त्याच्या कडेला उभी राहते. ॲड्सो घोडा थांबवतो. ती त्याचा हात धरते. तो गुरूच्या मागे निघून जातो. म्हातारपणी तो सांगतो की आयुष्यात जिच्यावर प्रेम केलं ती तेवढी एकच, आणि तिचं नाव त्याला कधीच कळलं नाही. मी श्रेयनामावलीत शोधलं. तिथेही तिच्या भूमिकेपुढे ‘मुलगी’ एवढंच लिहिलंय.